उस्तादांना विचारून

गल्लीत गाड्यांचे एसी दुरुस्त करणारी तीन दुकानं होती. नव्या गाड्या पहिल्या दोन दुकानांत शिरायच्या. तिथे पंखे होते, खुर्च्या होत्या, वाट बघताना चाळायला मासिकं होती. जुन्या गाड्या मात्र ती दोन्ही ओलांडून टोकाच्या पत्र्याच्या शेडपाशी यायच्या, कारण तिथे उस्ताद होते. उस्तादांनी हात लावला की कसलीही गाडी गार होते, अशी त्यांची तीस वर्षांची ख्याती होती, आणि ती त्यांनी फुकटात मिळवलेली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी उस्तादांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. ज्या माणसाच्या तोंडाचा पट्टा सकाळी आठला सुरू होऊन शटर पडेपर्यंत थांबत नसे, त्याच्या तोंडात आता फक्त एक ‘अं’ उरला. डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं कळतं, बाहेर मात्र येत नाही.” वहिनींनी या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर साधारण महिनाभर विश्वास ठेवला.

वहिनी म्हणजे उस्तादांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला शेजारचा पंक्चरवालासुद्धा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्या दुकानात डबा द्यायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. आधी पाना-पकड हातात द्यायला, मग पाइप जोडायला, मग गॅस भरायला. काम सगळं यायचं. निदान मात्र उस्तादांचं. एवढ्या वर्षांत ‘मला काय वाटतं...’ असं त्यांनी फार तर दोनदा म्हटलं असेल, आणि दोन्ही वेळा उस्तादांनी “तुला काय वाटतं ते घरी जेवताना सांग” म्हणून त्यांचं तोंड बंद केलं होतं. घरी जेवताना उस्ताद स्वतःच बोलायचे.

झटक्यानंतर दुकान पुन्हा उघडलं तेव्हा वहिनींनी एक रीत पाडली. गाडी आली की ती उस्तादांच्या चाकाच्या खुर्चीसमोर लावायची, बॉनेट उघडायचं आणि गाडीवाल्यानं तक्रार वहिनींना नाही, उस्तादांना सांगायची. उस्ताद डावा हात उचलून कुठेतरी बोट दाखवायचे. वहिनी मान डोलवायच्या, “अगदी बरोबर, तेच करते,” म्हणायच्या, आणि गाडीवाला निर्धास्त होऊन जायचा. उस्तादांना विचारून केलंय म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नसे.

सुरुवातीला त्या खरंच ते बोट बघायच्या. पण बोट एकदा बॅटरीवर जायचं, एकदा बंपरवर, एकदा चक्क भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पुढे पुढे ते दर गाडीत कॉम्प्रेसरवरच जायला लागलं. वहिनींनी मनाशी ठरवलं की खुर्ची त्या बाजूला असते, हात पोचतो तिथे जातो, त्यात अर्थ काही नाही. त्या दिवसापासून त्यांनी बोटाकडे बघणं सोडलं. गेज लावायचे, काटे वाचायचे, पाइपला हात लावून बघायचा आणि आपल्या डोक्यानं काम करायचं. मान डोलवणं तेवढं चालू राहिलं. गाड्या गार होऊन जात होत्या, नाव उस्तादांचं होत होतं, आणि वहिनींना ते तसंच हवं होतं. त्या माणसाकडे आता नावाखेरीज उरलं होतं तरी काय? ते तरी शाबूत राहावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

एका मंगळवारी सकाळी सिस्टर आल्या. त्या निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या. सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. त्यांची आकाशी रंगाची गाडी बावीस वर्षांची होती आणि तिला उस्तादांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि रीतीप्रमाणे उस्तादांनाच सांगू लागल्या.

“उस्ताद, वीस मिनिटं अगदी गारेगार. मग गरम वारा. गाडी बंद करून अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा गार. आणि वीस मिनिटांनी पुन्हा तेच. नुसता पोरखेळ लावलाय तिनं.”

उस्ताद ऐकत होते.

“एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, काचा उघडू. पण परवा माझ्या धाकट्या भावाला इस्पितळातून घरी आणायचंय. चार तासांचा रस्ता, आणि सोडणार भर दुपारी. त्याच्या फुप्फुसांत जीव नाही राहिलेला. डॉक्टरांनी बजावलंय, उन्हाची झळ लागता कामा नये. म्हणून म्हटलं, उस्तादांना दाखवल्याशिवाय निघायचं नाही.”

उस्तादांचं बोट कॉम्प्रेसरवर गेलं. वहिनींनी सवयीनं मान डोलवली. पण आज उस्ताद तिथे थांबले नाहीत. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणून मध्ये जराशी फट ठेवली. “अं.” मग हात पिंपावरच्या पाण्याच्या मगाकडे गेला. पुन्हा फट, पुन्हा मगाकडे बोट. “अं. अं.”

“पाणी हवंय होय? थोडंसंच ना? देते हं,” वहिनी म्हणाल्या आणि पाण्याचा मग भरून त्यांच्या ओठांना लावला.

उस्तादांनी ओठ घट्ट मिटले. वहिनींनी तो मग आणखी पुढे केला, तशी त्यांनी डाव्या हातानं मगाला असा काही फटका मारला की पाणी गाडीच्या पुढच्या भागावर आणि सिस्टरच्या चपलांवर उडालं. रिकामा मग घरंगळत चाकाखाली गेला.

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माफ करा, सिस्टर. हल्ली होतं असं. कशावरून चिडतील नेम नाही.” सिस्टर वाकल्या आणि रुमालानं चपला पुसू लागल्या. उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

“मग? काय म्हणतात उस्ताद?” चपला पुसून झाल्यावर सिस्टरनी विचारलं.

वहिनींचं उत्तर तयार होतं. त्या महिन्यात तीन गाड्या हेच दुखणं घेऊन आल्या होत्या. “गॅसमध्ये ओल शिरलीय म्हणतात. आत बारीक भोकाचा व्हॉल्व्ह असतो ना, तिथे ओलीचा बर्फ होतो आणि गॅस अडतो. गाडी उभी राहिली की बर्फ वितळतो, पुन्हा गार. ओल शोषणारा ड्रायर असतो, तो बदलायला सांगितलाय.”

उस्तादांनी डोळे उघडले आणि वहिनींकडे रोखून पाहिलं. वहिनी पाना शोधण्यात गर्क होत्या, निदान तसं दाखवत तरी होत्या.

“उस्तादांनी सांगितलंय ना, मग झालं,” सिस्टर म्हणाल्या आणि गाडी ठेवून गेल्या.

वहिनींनी काम मन लावून केलं. जुना गॅस काढला, ड्रायर बदलला, दोन तास पंप लावून आतला ओलावा ओढून काढला, नवा गॅस भरला. सगळा वेळ मागून “अं, अं” चाललं होतं. शेवटी त्यांनी खुर्चीचं तोंड रस्त्याकडे फिरवून ठेवलं. येणारी-जाणारी माणसं बघून जीव रमेल, असं त्यांना वाटलं, आणि कानामागची कटकटही थांबेल, हेही वाटलं. मग गाडी चालू करून बसल्या. आत थंडगार वारा येत होता. पंधरा मिनिटं झाली, वारा थंडच. खरं तर तासभर तरी चालवून बघायला हवी होती. उस्ताद असते तर त्यांनी गाडी सोडलीच नसती. पण मागे दुसरी गाडी येऊन उभी होती, आणि वहिनींची स्वतःच्या निदानाबद्दल खात्री पटलेली होती. उस्ताद दोन हातांच्या अंतरावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते, आणि तरीही ‘उस्ताद असते तर’ हा विचार त्यांच्या मनात सहज येऊन गेला.

सिस्टर परत आल्या त्या शनिवारी, भर दुपारी. गाडी चालूच ठेवून त्या खाली उतरल्या. चारही काचा उघड्या होत्या.

“जाताना पहाटेचा गारवा होता, एसी लावलाच नाही. इस्पितळातून निघून अर्धा तास झाला आणि बंद पडला,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना जसा ठेवावा लागतो तसा. “काचा उघडल्या तर आत नुसती आग. त्याचे ओठ निळे पडायला लागले. एका पुलाखाली सावलीत उभे राहिलो. तीस वर्षं मी दुसऱ्यांची माणसं सांभाळली, आणि स्वतःच्या भावाला वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसले होते. शेवटी माघारी फिरले. परत दाखल केलंय. ऑक्सिजनवर आहे.”

“जिवाला धोका...?” वहिनींनी विचारलं.

“वाचेल म्हणतात. पण घरी चल म्हटलं की आता घाबरतो. गाडीचं नाव काढू देत नाही.”

मग सिस्टर उस्तादांच्या खुर्चीपाशी गेल्या. त्या भांडायला आलेल्या नव्हत्या, आणि हेच वाईट होतं. त्यांनी उस्तादांच्या डाव्या हातावर हात ठेवला. “उस्ताद, मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडून कधी चूक झाली नाही इतक्या वर्षांत. पण आता तुमची तब्येत अशी. आम्हीच विचार करायला हवा होता. मी आता पुढच्या दुकानात दाखवते. सांगितल्याशिवाय जाऊ नये, म्हणून आले.”

पंक्चरवाला ट्यूब हातात घेऊन केव्हाच जवळ सरकला होता. त्यानं जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. “व्हायचंच. हात गेला की नजरही जाते माणसाची.”

उस्तादांच्या तोंडून ‘अं’सुद्धा निघाला नाही. त्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं नाही की पाहिलंही नाही. मान खाली घालून ते सिस्टरच्या हाताखालच्या आपल्या हाताकडे बघत होते.

वहिनींना तिथे उभं राहवेना म्हणून त्या गाडीकडे वळल्या आणि त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू होतं. आत एसीचं बटण दाबलेलं होतं, कॉम्प्रेसरच्या वायरीला टेस्टर लावला तर दिवा लागला, वीज येत होती. पुली गरगर फिरत होती. पण पुलीसमोरची क्लचची प्लेट ढिम्म उभी होती. वीज आली की लोहचुंबकानं ती पुलीला जाऊन चिकटायला हवी, तेव्हा कुठे कॉम्प्रेसर फिरतो. वहिनी खाली वाकल्या. प्लेट आणि पुलीमध्ये फट दिसत होती. वर्षानुवर्षं घासून रुंदावलेली, नखाएवढीही नाही, जराशी. थंड असताना चुंबक तेवढ्यावरून प्लेट ओढून घेत असणार. तापला की त्याचा जोर कमी पडायचा, आणि प्लेट सुटायची.

त्यांनी पिंपावरचा मग घेतला, भरला आणि तापलेल्या क्लचवर पाणी ओतलं. वाफेचा भपकारा आला. दुसरा मग ओतला. टक्! प्लेट पुलीला चिकटली आणि फिरू लागली. उघड्या काचांमधून थंड वारा बाहेर आला.

रिकामा मग वहिनींच्या हातात तसाच राहिला. कॉम्प्रेसर. फट. पाणी. मंगळवारी सकाळी या माणसानं एका हातानं सगळं सांगितलं होतं, एक शब्दही गाळला नव्हता, आणि त्यांनी त्याच्या तोंडाला मग लावला होता. लहान मुलाच्या तोंडाला लावतात तसा.

वेळ मारून न्यायला वाट होती. ‘माझ्याकडून नट ढिला राहिला’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. सिस्टरनी ते मानलं असतं, उस्तादांवरचा डाग पुसला गेला असता आणि आठ महिन्यांचं झाकलेलंही झाकलेलंच राहिलं असतं. वहिनींच्या जिभेवर ते आलंही. पण उस्तादांनी मान वर केली होती. ते वहिनींकडे नाही, त्यांच्या हातातल्या मगाकडे बघत होते.

“सिस्टर,” वहिनी म्हणाल्या, “चूक यांची नाही.”

“अहो वहिनी, मी काही त्यांना दोष...”

“ऐका माझं. यांनी मंगळवारीच सांगितलं होतं. हेच. कॉम्प्रेसर दाखवला, फट दाखवली, पाणी ओतून बघ म्हणून सांगितलं. ओल शिरलीय असं हे म्हणालेच नव्हते. ते मी म्हणाले. माझं निदान, आणि नाव यांचं सांगितलं.”

पंक्चरवाल्याची च्यक्च्यक् थांबली. वहिनींना वाटलं एवढं पुरे, पण आता थांबवेना.

“आणि ही एकच गाडी नाही. आठ महिने असंच चाललंय. हे बोट दाखवतात, मी हो म्हणते आणि माझ्या मनाला येईल ते करते. यांना काही कळत नाही असं मी धरूनच चालले होते. यांचं नाव राखायचं म्हणत होते, आणि यांचं ऐकत मात्र नव्हते.”

सिस्टरचा चेहरा लाल झाला. वॉर्डातला आवाज गेला. “माझा भाऊ मरता मरता वाचलाय, वहिनी! मी तुमच्या तोंडावर विचारलं होतं, काय म्हणतात उस्ताद म्हणून! तुम्ही बेधडक...” त्या थांबल्या. वहिनींनी मान खाली घातली.

मग सिस्टर खुर्चीसमोर वाकल्या. “उस्ताद, तुम्ही मलाही सांगत होतात,” त्या म्हणाल्या. “आणि मी चपला पुसत होते. आयुष्य गेलं माझं अशा पेशंटांमध्ये. मला तरी कळायला हवं होतं.”

उस्तादांच्या चेहऱ्याची डावी बाजू थरथरत होती. त्यांनी डाव्या हातानं खुर्चीचं चाक जोरात ढकललं. त्यांना तिथून जायचं होतं, सगळ्यांकडे पाठ करायची होती. पण एकाच हातानं ढकललेली खुर्ची सरळ कशी जाणार? ती जागच्या जागी गोल फिरली आणि उस्ताद पुन्हा वहिनींच्या समोर आले. त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा समोर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वहिनी त्यांच्या पायाशी बसून रडत होत्या.

“अहो, मारा मला,” त्या म्हणाल्या. “त्या मगाला मारलंत तसं मारा. पण कुठे जाऊ नका.”

उस्तादांनी मारलं नाही. बराच वेळ ते धापा टाकत राहिले. मग त्यांनी हात उचलला आणि गाडीकडे बोट केलं.

वहिनींनी त्या बोटाकडे पाहिलं, नीट पाहिलं. “खोलू?”

“अं.”

त्यांनी गाडी बंद केली, खुर्ची अगदी बॉनेटला लावली, ब्रेक घातला आणि क्लचचा मधला नट खोलला. जुन्या गाडीत कॉम्प्रेसर वरच असतो, उस्तादांना सगळं दिसत होतं. प्लेट निघाली. तिच्यामागे तीन पातळ वायसर होते, कागदाएवढ्या जाडीच्या चकत्या. त्यांतले काढले की प्लेट तेवढी मागे सरकते आणि फट कमी होते. वहिनींनी तिन्ही वायसर तळहातावर घेऊन उस्तादांसमोर धरले. सिस्टर जवळ आल्या. पंक्चरवालाही आला.

“किती काढू?”

उस्तादांनी दोन बोटं दाखवली.

वहिनींनी फट डोळ्यांनी मापली होती. आजवरच्या रीतीप्रमाणे त्यांनी मान डोलवली असती आणि गुपचूप एक काढला असता. कुणाला कळलंही नसतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “दोन जास्त होतात. प्लेट घासेल. एकच.”

उस्तादांनी चमकून वर पाहिलं. मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि पुन्हा दोन बोटं दाखवली, नाकासमोर धरून.

“घासेल म्हणते ना मी. एक.”

मूठ पुन्हा आपटली. दोन.

“काय हा हट्ट! फट मोजायचं पातं घालून दाखवू का?”

“अं!” दोन. उस्तादांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि वहिनींचाही. पंक्चरवाला आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. असं भांडण या शेडमध्ये पूर्वी कधी झालंच नव्हतं, कारण पूर्वी वहिनी कधी उलट बोललेल्याच नव्हत्या.

“बरं,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “दोन तर दोन. तुमच्या मनासारखं. पण मला वाटतं ते मी सांगितलंय, हे सगळ्यांनी ऐकलंय.”

त्यांनी खरोखरच दोन काढले. प्लेट बसवली, नट आवळला. सिस्टरनी एसी बंदच ठेवून गाडी सुरू केली. पुली फिरली आणि अशी कर्कश किंचाळी उठली की पहिल्या दुकानातली माणसंसुद्धा मासिकं टाकून बाहेर आली. प्लेट घासत होती.

उस्तादांनी कान दिला. एवढ्या वर्षांत हजारदा दिला असेल तसा, मान तिरपी करून. भुवई वर गेली. मग त्यांनी हात पुढे केला आणि दोन बोटांतलं एक बोट सावकाश मिटलं.

“चुकले वाटतं उस्ताद,” पंक्चरवाला हळूच म्हणाला.

“चुकले,” वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

उस्तादांच्या ओठाची डावी कड वर गेली. उजवी तशीच राहिली, पण डावी वर गेली आणि तिथेच टिकली. वहिनींनी नट पुन्हा खोलायला घेतला. उस्ताद चारचौघांत चुकले होते, आणि ही चूक त्यांची स्वतःची होती.